पटकथालेखकाने काय सोडावे आणि काय धरून ठेवावे

तुम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवता, तुमच्या तीन एकांकिका रंगमंचावर आल्या आहेत, आणि तुम्ही विचारले आहे की चित्रपट-मालिकांचे पटकथालेखन हा पोट भरण्याजोगा व्यवसाय आहे का, त्यासाठी वयाच्या २८व्या वर्षी कायम नोकरी सोडून मुंबईला यावे का, आणि या कामात माणसाचे आयुष्य नेमके कसे जाते. सोबत तुमच्या एकांकिकेतला एक प्रवेश पाठवून तो पटकथेत कसा उतरवावा, असेही विचारले आहे.

मी २००१ सालापासून हे काम करतो. त्याआधी कराडला एका सहकारी बँकेत लिपिक होतो आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी लिहीत होतो. सुरुवातीला दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले, पुढे पटकथा लिहू लागलो. पाच चित्रपट लिहिले, त्यांपैकी तीन पडद्यावर आले. या अनुभवावरून थोडक्यात सांगायचे तर हा व्यवसाय आहे आणि त्यावर घर चालते, मात्र ते महिन्याच्या एक तारखेला चालेल असे नाही. नोकरी तुम्ही आत्ता सोडू नये. आयुष्य कसे जाते याचे उत्तर मात्र लांबचे आहे, कारण पटकथा हे असे लेखन आहे की जे दुसऱ्यांच्या हातून पुरे होते. लिहिलेल्या पानातले काय सहज सोडून द्यायचे आणि काय काही झाले तरी सोडायचे नाही, हे ज्याला लवकर उमगते त्याचे या क्षेत्रातले आयुष्य बरे जाते. मला ते उशिरा उमगले, म्हणून तुम्हाला विस्ताराने लिहितो आहे.

तुमच्या प्रवेशापासूनच सुरुवात करतो. शेताची वाटणी झाली आहे, विहीर मात्र सामाईक राहिली आहे, आणि थोरला भाऊ धाकट्याला वडिलांनी ती विहीर कशी खोदली हे सांगतो. हे स्वगत जवळजवळ चार पानांचे आहे, भाषा कसदार आहे, आणि चांगला नट ते रंगमंचावर निश्चित पेलेल. पडद्यावर मात्र पहिल्या मिनिटानंतर प्रेक्षक शब्दांऐवजी नटाच्या मागची भिंत पाहू लागेल. मग या चार पानांत जे आहे ते कशातून दाखवायचे? सामाईक विहीर म्हटली की पाण्याची पाळी आलीच, आणि शेतीपंपाला वीज बहुधा रात्री येते. धाकट्याची पाळी आहे, पण तो तालुक्याच्या गावी अडकला आहे. रात्री दोन वाजता वीज येते. थोरल्याला आपल्या अंथरुणावरून मोटारीच्या खोलीतला दिवा लागलेला दिसतो. तो उठतो, बॅटरी घेतो, मोटार सुरू करतो आणि वाटणीत गेलेल्या, आता आपल्या न उरलेल्या शेतात पहाटेपर्यंत दारे धरतो. सकाळी धाकट्याची बायको रानात येते, तर सऱ्या ओल्या आणि चिखलात अनवाणी पावलांचे ठसे. ती काही बोलत नाही, फक्त ठशांच्या बाजूबाजूने चालते. आता तुमच्या त्या चार पानांतले एक वाक्य ठेवा, आणि तेही दुसऱ्या दिवशी, जेवताना, धाकट्याच्या तोंडी.

यात तुमची चार पाने गेली, परंतु ती वाया गेली असे मानू नका. ती लिहिली होती म्हणूनच थोरला रात्री उठेल हे आपल्याला कळले. पटकथालेखकाच्या घरी न वापरलेल्या पानांचे गठ्ठे असतात आणि त्यांच्याच आधारावर वापरलेली पाने उभी असतात. पात्राला काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी तो काय करतो, वाटेत कोण आडवे येते आणि प्रसंगाच्या शेवटी त्याची स्थिती कशी बदललेली असते, हे ठरवणे म्हणजे पटकथा. शब्द त्यानंतर येतात. नाटकाकडून येणाऱ्या आपल्यासारख्यांना हा क्रम पचायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे शब्दांवरच टाळी पडते.

श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावे वेगळी दिसतात, तीही याच कारणाने. १९७६ सालचा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ घ्या. कथा बेनेगल आणि वर्गीस कुरियन यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद कैफी आझमी यांचे. गुजरातच्या दूध सहकारी चळवळीचा प्रत्यक्ष अनुभव कुरियन यांच्याजवळ होता, माणसांची भाषा कैफींनी दिली. पण गावात आलेला पशुवैद्य कोणाच्या दारात आधी जाईल, कोण त्याला पाणी देईल आणि कोण तोंड फिरवेल, ही मांडणी पटकथेची. पटकथेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार तेंडुलकरांना या चित्रपटाने मिळवून दिला. तुम्ही कराराच्या कागदावर सही कराल तेव्हा या तीनपैकी नेमके कोणते काम तुमच्याकडे आहे हे त्यात स्पष्ट लिहून घ्या, कारण प्रत्यक्षात संवाद लिहायला बोलावतात आणि महिन्याभरात पटकथाही तुमच्याच गळ्यात येते, तीही त्याच मोबदल्यात.

मराठीला या लेखनाची परंपरा मोठी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’चे लेखन शिवराम वाशीकरांनी केले. त्याच वर्षी वि. स. खांडेकर ‘छाया’च्या निमित्ताने चित्रपटाकडे वळले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आणले. ग. दि. माडगूळकरांना आपण गीतकार म्हणून डोक्यावर घेतो, परंतु १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांची होती, आणि तिचे मूळ औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कारागृहात होते. आटपाडीच्या परिसरातली ही वसाहत. गदिमांचे शेटफळेही त्याच भागातले. आपल्या मुलखात पाहिलेले-ऐकलेले घेऊन या माणसाने साऱ्या देशाला समजेल अशी गोष्ट रचली. तुमच्या तालुक्यातल्या सामाईक विहिरीला मी इतके महत्त्व देतो आहे, ते उगाच नव्हे.

सोडण्याची कला शिकायची असेल तर तेंडुलकरांची रूपांतरे पाहावीत. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून १९७९ साली जब्बार पटेल यांनी एक चित्रपट केला. दोन भरगच्च कादंबऱ्यांमधली किती पात्रे, किती प्रकरणे बाजूला ठेवावी लागली असतील, याचा हिशेब तुम्ही स्वतः मांडा. दोन्ही पुस्तके वाचून मग चित्रपट कागद-पेन घेऊन प्रसंगवार पाहा. ‘अर्धसत्य’मध्ये उलटा प्रवास आहे; श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या एका कथेतून पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहिला आणि त्याला नाव मिळाले दिलीप चित्रे यांच्या कवितेचे. कोणत्याही लेखन-कार्यशाळेइतके हे दोन अभ्यास उपयोगी पडतील असे माझे मत आहे.

आता मालिकेविषयी, कारण तुमच्यासारख्या नव्या लेखकाचे पोट पहिल्यांदा भरते ते तिथेच. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘हम लोग’चे दीडशेहून अधिक भाग मनोहर श्याम जोशी यांनी लिहिले आणि एका लेखकासाठी ते प्रचंड काम मानले गेले. पुढे १९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी आली, पाठोपाठ ई-टीव्ही मराठी आली, आणि ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. आज आठवड्याला सहा भाग हे सर्वसाधारण प्रमाण आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून सुमारे २२ मिनिटांचा मजकूर असतो. वर्षाला ३०० भाग धरले तर ६,६०० मिनिटे, म्हणजे ११० तास होतात. दोन तासांच्या ५५ चित्रपटांइतकी ही लांबी एक मालिका एका वर्षात संपवते. हे आकडे लक्षात ठेवले तर मालिकांच्या लेखनाला नुसती नावे ठेवणे किती सोपे आणि किती अपुरे आहे, हे कळेल.

या कामाची विभागणी ठरलेली असते. कथालेखक पुढच्या काही महिन्यांचे ट्रॅक, म्हणजे कथानकाचे धागे, आखतो, वाहिनीच्या आणि निर्मितीसंस्थेच्या क्रिएटिव्ह मंडळींबरोबर बैठका होतात, आठवड्याची वन-लाइन, म्हणजे प्रसंगांचा थोडक्यात आराखडा, मंजूर होते, पटकथालेखक तिचे प्रसंग पाडतो आणि संवादलेखक ते लिहून सेटवर पाठवतो. हातात पंधरा भागांची बँक, म्हणजे आगाऊ तयार भागांचा साठा, असेल तर घरात शांतता असते. बँक तीन भागांवर आली की सकाळी सात वाजता सहायक दिग्दर्शकाचा फोन येतो, आणि नट रंगभूषा करत असताना प्रसंग त्यांच्या व्हॉट्सअॅपवर जातो. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा घसरला तर आधी मंजूर झालेली वन-लाइन शुक्रवारी रद्द होते, आणि लग्न दोन आठवडे आधी येते किंवा मोडते. नटीला डेंग्यू होतो, नट दुसऱ्या कामासाठी मालिका सोडतो, बंगल्याचा मालक शूटिंगची परवानगी नाकारतो. या प्रत्येक गोष्टीची किंमत कथानकात मोजावी लागते आणि ती लेखकाने त्याच रात्री मोजायची असते.

याचा सर्वांत कठीण काळ आम्ही टाळेबंदीत पाहिला. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणे थांबली. उन्हाळ्याच्या अखेरीस परवानगी आली, पण सेटवर ६५ वर्षांवरील कलाकार नकोत, लहान मुले नकोत, माणसे मोजकी हवीत, अंतर हवे. मी तेव्हा एका एकत्र कुटुंबाच्या मालिकेची पटकथा लिहीत होतो. आजोबा, आजी आणि दोन नातवंडे हा तिचा गाभा होता. आजी-आजोबांना गावी पाठवून त्यांना फक्त फोनवर ठेवले. नातवंडांच्या खोलीचे बंद दार दाखवले, आतून खेळण्याचा आवाज ठेवला. आईने मुलाला जवळ घेण्याचा एक प्रसंग होता; तिथे ती त्याची शाळेची पिशवी छातीशी धरते असे लिहिले, आणि तो प्रसंग त्या वर्षातला माझा सर्वांत चांगला प्रसंग ठरला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणे पुन्हा बंद झाली, तेव्हा अनेक मालिकांची पथके गोव्याला आणि सिल्वासाला गेली. कुटुंब अचानक कोकणातल्या नातेवाइकाकडे का जाते, हे आम्ही दोन दिवसांत शोधून काढले, आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी थांबवल्यावर तेच कुटुंब परत कसे येते, हेही शोधले. कथानकाला इतके सैल हाताने धरता आले पाहिजे. ज्या लेखकांना आपली आखणी सोडवत नव्हती त्यांची मला काळजी वाटत असे, कारण ते चांगले लेखक होते आणि त्यांतले काही तेव्हा जे बाहेर पडले ते परत आले नाहीत.

हे झाले सोडायचे. आता जे सोडायचे नाही त्याकडे येतो. इथे मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण नवे लेखक नेमके उलटे करतात. संवादातल्या एका शब्दासाठी दिग्दर्शकाशी भांडतात आणि करार न वाचता सही करतात.

कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) नसतो, हे पहिले. आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे स्पष्ट केले. त्यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक ऐकल्यानंतर निर्मात्याने ‘न्यू देल्ही’ हा चित्रपट केला अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने सांगितले की विषय सारखा असणे पुरेसे नाही, मांडणी आणि अभिव्यक्ती उचललेली असली पाहिजे. लेखकाने यातून घ्यायचा बोध व्यवहाराचा आहे. कोणाच्या कार्यालयात दोन वाक्यांची कल्पना सांगून येऊ नका. निदान दहा-बारा पानांची, प्रसंग आणि पात्रे ठरलेली तपशीलवार कथा लिहा, तिची स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करा, आणि मगच नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला कथा ऐकवायला, जा. ही संघटना मुंबईत अंधेरीला आहे, पूर्वी तिचे नाव फिल्म रायटर्स असोसिएशन होते. सदस्य झाल्यावर नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, तो लिहिल्याक्षणी निर्माण झालेलाच असतो, पण अमुक तारखेला हे लेखन तुमच्याजवळ होते याचा पुरावा हाती राहतो. भेटीनंतर त्याच संध्याकाळी, आज आपण या कथेविषयी बोललो, असा दोन ओळींचा ईमेल पाठवावा. सभ्य निर्मात्याला याचा राग येत नाही.

दुसरे असे की हक्कांचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणूनच निर्मात्यांचे वकील ‘संपूर्ण विश्वात, सर्व काळासाठी, सर्व माध्यमांत’ असे शब्द घालतात. २०१२ सालच्या दुरुस्तीने लेखकाला दोन मोठे आधार दिले. करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा करारात नेमका उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क त्यात धरले जात नाहीत. आणि चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर मार्गांनी चित्रपटातल्या साहित्याचा वापर झाला तर रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क लेखकाला सोडून देता येत नाही; तसे त्याने लिहून दिले तरी ते चालत नाही. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेरही केलेला पाठपुरावा आम्ही सर्वांनी पाहिला आहे. गीतकार-संगीतकारांना या तरतुदीचा लाभ आधी पोहोचला, पटकथालेखक अजून बरेच मागे आहेत. तरीही करारात ‘रॉयल्टीचा हक्क सोडून देत आहे’ असे वाक्य दिसले तर ते काढायला सांगा.

तिसरी गोष्ट पैशाची. मालिकेत मोबदला भागामागे ठरतो आणि प्रसारणानंतर बिल दिल्यापासून ९० दिवसांनी द्यावा असे कलम सर्रास असते. म्हणजे जूनच्या सुरुवातीला लिहिलेला भाग त्या महिन्याच्या मध्यावर दिसला, महिन्याअखेरीस बिल गेले, तर पैसे सप्टेंबरच्या शेवटी येतात, आणि तेही १० टक्के टीडीएस कापून. हे चार महिने घरभाडे कोठून द्यायचे, याची तजवीज मुंबईला येण्यापूर्वी झालेली असली पाहिजे. लिहिलेल्या पण प्रसारित न झालेल्या भागांचे पैसे मिळतील हे करारात घालून घ्या. चित्रपटाच्या बाबतीत हप्ते ठरवताना शेवटचा मोठा हप्ता ‘चित्रीकरण सुरू होताना’ असा ठेवू नका, कारण लिहिले गेलेल्या चित्रपटांपैकी पुष्कळसे चित्रीकरणापर्यंत पोहोचतच नाहीत. हप्ते तुमच्या कामाशी बांधा. कथा दिली की एक, पहिला खर्डा दिला की दुसरा, अंतिम खर्डा दिला की शेवटचा. किती पुनर्लेखने या रकमेत येतात तो आकडाही लिहा. मी एका चित्रपटाचे अकरा खर्डे केले, त्यांतले आठ फुकट.

श्रेयाविषयी बोलताना आमच्या पिढीला १९७३ सालच्या ‘जंजीर’ची गोष्ट हमखास आठवते. भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी स्वतः रंगारी लावून मुंबईतल्या पत्रकांवर आपली नावे रंगवून घेतली. त्यांना ते शोभले आणि पुढे लेखकाचे नाव पत्रकावर येऊ लागले. मला स्वतःला हे धैर्य वेळेवर झाले नाही. २००६ साली मी एका निर्मितीसंस्थेसाठी आठ महिने एका मालिकेचे संवाद लिहिले. नाव दुसऱ्या, प्रस्थापित लेखकाचे जात होते, कारण वाहिनीला त्याचे नाव हवे होते. पुढच्या वेळी तुझे नाव देऊ असा शब्द मिळाला होता. पुढची वेळ आली नाही, आणि मी कामासाठी इतरत्र गेलो तेव्हा त्या दोनशे भागांविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीही नव्हते. मी आयुष्यात लिहिलेले काही उत्तम प्रसंग त्या मालिकेत आहेत आणि ते माझे आहेत हे मी कोणालाही दाखवू शकत नाही. म्हणून सांगतो, पैसे थोडे कमी घ्या, पण घोस्ट म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या नावाखाली, लिहू नका. या क्षेत्रात नाव म्हणजे पुढचे काम.

चित्रपटाच्या वाटेविषयी तुम्ही वेगळे विचारले नाही, तरी दोन ठिकाणे सुचवतो. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर, जिथे प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. तिथे पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम शिकवला जातो. एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, २००७ पासून पटकथालेखकांसाठी लॅब, म्हणजे मार्गदर्शन-कार्यशाळा, चालवते, आणि गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या चित्रपट-बाजारात निवडक लेखकांना निर्मात्यांसमोर आपली पटकथा मांडता येते. ओटीटीच्या लेखनात तीन-चार जण एकत्र बसून आठ-दहा भागांचा आराखडा महिनोन्महिने रचतात. तिथे मोबदला बरा असतो, मात्र प्रकल्प वर्षभर रखडतात, आणि वाहिनीसारखे रोजचे काम मिळत नाही.

रोजच्या जगण्याविषयी थोडे. मालिका चालू असताना मी सकाळी साडेपाच ते साडेनऊ लिहितो आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. वीस वर्षांत मी जे काही धड लिहिले ते या चार तासांत. बाकीचा दिवस बैठका आणि दुरुस्त्यांचा असतो. मुलीच्या दहावीच्या वर्षी मी दोन मालिका एकदम घेतल्या होत्या आणि त्या वर्षातली तिची एकही गोष्ट मला आठवत नाही, याचे दुःख अजून आहे. त्यानंतर एका वेळी एकच मालिका हा नियम केला. पाठीचे आणि मानेचे दुखणे या व्यवसायात जवळजवळ प्रत्येकाला होते, तेव्हा खुर्ची चांगली घ्या. नव्या लॅपटॉपच्या आधी खुर्ची. आणि वाचन, प्रवास, बाजारात उभे राहून लोकांचे बोलणे ऐकणे यासाठी वेळ राखून ठेवा. तीन वर्षे सलग मालिका लिहिली की मालिकेतल्या माणसांसारखीच माणसे डोळ्यांसमोर येऊ लागतात. मला हे एका तरुण दिग्दर्शिकेने सांगितले, आणि तिचे म्हणणे खरे होते.

तुमच्या नोकरीचे म्हणाल, तर तिने तुम्हाला आता हवी असलेली एक गोष्ट दिली आहे, ती म्हणजे घाई न करण्याची मोकळीक. पुढचे वर्षभर नोकरी ठेवूनच एक पूर्ण लांबीची पटकथा लिहा आणि मालिकेच्या एका भागाचे पूर्ण लेखन नमुना म्हणून तयार करा; दोन्हींची नोंदणी करा. मालिकांचे संवाद लिहिणे आज घरबसल्या होते, पुष्कळ संवादलेखक पुण्यातून, नाशिकमधून, कोल्हापुरातून लिहितात, त्यामुळे पहिले काम मिळाल्याबरोबर मुंबईला यायलाच हवे असे नाही. दिवाळीच्या सुट्टीत तीन-चार दिवस येऊन भेटी घ्या. करारावर तुमच्या नावाने काम मिळाले, आणि वर्षभराच्या खर्चाइतके पैसे बाजूला पडले, म्हणजे राजीनाम्याचा विचार करा.

तोवर तो वाटणीचा प्रवेश पुन्हा लिहा. त्यात धाकट्याची बायको ठशांच्या बाजूने चालत शेवटी कुठे पोहोचते ते मी मुद्दाम सांगितलेले नाही. मोटारीच्या खोलीपर्यंत, थोरल्याच्या दारापर्यंत, की विहिरीवर, यावर पुढचा सगळा चित्रपट वेगळा होईल, आणि ते तुम्हीच ठरवायचे आहे. तीन पानांपेक्षा जास्त करू नका. लिहून झाले की मला पाठवा. मी वाचून पानोपान अभिप्राय कळवीन.